वसई टू वाघ, व्हाया तुंगारेश्वर!

सुट्टी मंजूर? ग्रुपवर ‘ताडोबा करूया का?’ पडलंय? सगळ्यांनी अंगठे दाखवलेत? मस्त! पण जरा थांबा, मंडळी. वसई-विरारकरांच्या जंगल ट्रिपचं पहिलं गेट चंद्रपूरला जायच्या आधी, इथेच वसई फाट्याजवळ उघडतं. पुढच्या काही मिनिटांत एक बिबट्या खाडी पोहून जाणार आहे, एक परफ्युम वाघिणीच्या मागावर निघणार आहे आणि सोपाऱ्याचे दानशूर बोरिवलीत सापडणार आहेत. टोपी घट्ट धरा, जिप्सी सुटली!

सहातलं एक, लोकलच्या अंतरावर

माहीत आहे का, अख्ख्या महाराष्ट्रात राष्ट्रीय उद्यानं आहेत फक्त 6? ताडोबा, पेंच, नवेगाव, गुगामल, चांदोली आणि... टाळ्या! आपल्या बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. पाच ठिकाणी जायला रजा टाकावी लागते. सहाव्याला जायला विरार लोकल पुरते. बोरिवली पूर्वेला उतरा, हायवे गाठा, की आलंच मेन गेट. फक्त सोमवारी जाऊ नका, त्या दिवशी उद्यान बंद असतं.

नॅशनल पार्कची वसई ब्रँच

‘नॅशनल पार्क बोरिवलीत आहे’ असं म्हणता? अर्धंच बरोबर! या उद्यानाचा एक तुकडा वसई खाडीच्या उत्तरेला, म्हणजे आपल्या बाजूला आहे. नाव नागला ब्लॉक. ससूनवघर-ससुपाडा भागातून त्याची निसर्गवाट सुरू होते. एका हाताला डोंगराचं जंगल, दुसऱ्या हाताला खाडी आणि तिवरं. एकाच वाटेवर दोन दुनिया! जाण्याआधी वनखात्याकडे परवानगीची चौकशी करा आणि सोबत माहीतगार माणूस घ्या.

मासा की बेडूक?

नागल्याला ओहोटीच्या वेळी पोचलात, तर चिखलाकडे टक लावून बघा. काहीतरी टुणकन उडतं. पुन्हा उडतं. बोटाएवढं अंग, डोक्यावर बसवलेले दोन गोल डोळे. ती आहे निवटी! आहे मासा, पण चिखलावर पंखांनी सरपटते, तिवराच्या मुळांवर चढते आणि अंग ओलं असेल तर कातडीतूनही श्वास घेते. वाघ नंतर बघू, आधी पाण्याबाहेर फिरणारा मासा तर बघा! वेळ साधायची असेल तर निघण्याआधी कोळीवाड्यात भरती-ओहोटीची वेळ विचारून घ्या.

85.70 चौरस किलोमीटरचा शेजारी

माहीत आहे का, तुंगारेश्वर हे फक्त देवदर्शनाचं आणि पावसाळी पिकनिकचं ठिकाण नाही? 2003 पासून ते अधिकृत वन्यजीव अभयारण्य आहे. क्षेत्रफळ 85.70 चौरस किलोमीटर. दक्षिणेला बोरिवलीचं उद्यान, पुढे तानसा अभयारण्य आणि मध्ये आपला तुंगारेश्वर. म्हणजे प्राण्यांच्या प्रवासातलं आपलं जंक्शन! या डोंगरांच्या पायथ्याला पेल्हारचं धरण आहे. जंगलावर पडलेला पाऊस शेवटी नळाला येतो, हे पुढच्या वेळी बादली भरताना आठवा.

आजोबा निघाले चालायला

आता ऐका ब्लॉकबस्टर! 2009 मध्ये नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरजवळ एक बिबट्या विहिरीत पडला. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि वनखात्याने त्याला जीपीएस कॉलर लावून माळशेज घाटात सोडलं. नाव ठेवलं ‘आजोबा’. या आजोबांनी काय करावं? साधारण महिन्याभरात सुमारे 120 किलोमीटर चालत ते थेट मुंबईच्या वेशीवर! वाटेत महामार्ग ओलांडला, रेल्वे ओलांडली, वसईचा औद्योगिक पट्टा मागे टाकला आणि शेवटी वसईची खाडी चक्क पोहून पार केली.

आणि या सगळ्या प्रवासात त्यांनी एकाही माणसाला इजा केली नाही. 2014 मध्ये त्यांच्यावर ‘आजोबा’ हा मराठी चित्रपट आला, उर्मिला मातोंडकर मुख्य भूमिकेत. पण खरे आजोबा त्याआधीच, 2011 मध्ये, महामार्गावर वाहनाच्या धडकेत गेले. म्हणून घोडबंदर-वसई पट्ट्यातून रात्री गाडी काढताना एवढं करा. जंगलाच्या हद्दीत वेग कमी ठेवा. प्राण्यांची येण्याजाण्याची वेळ तीच असते.

किल्ल्यावर कोण आलंय?

मार्च 2024 च्या अखेरीस वसई किल्ल्यावर एक पाहुणा आला आणि सगळ्या गावाची झोप उडाली. बिबट्या! एप्रिलमध्ये तो पिंजऱ्यात सापडला, तोवर किल्ल्याचा परिसर संध्याकाळ झाली की सामसूम. अशा वेळी काय करायचं? गर्दी करायची नाही, पाठलाग करायचा नाही, व्हिडिओसाठी जवळ जायचं नाही आणि 1926 या वनखात्याच्या हेल्पलाइनवर कळवायचं. सगळ्या बाजूंनी घेरलेला बिबट्या घाबरून हल्ला करतो. मोकळी वाट मिळालेला बिबट्या निघून जातो.

शहराच्या कुशीत 35!

बोरिवलीचं उद्यान साधारण 104 चौरस किलोमीटरचं. भोवती कोट्यवधींची वस्ती. 2015 च्या कॅमेरा ट्रॅप अभ्यासात उद्यान आणि शेजारचं आरे मिळून 35 वेगवेगळे बिबटे टिपले गेले. जगातल्या सर्वांत दाट बिबट्या-वस्तीपैकी ही एक! ओळखले कसे? ठिपक्यांवरून. आपले बोटांचे ठसे वेगळे, तसे प्रत्येक बिबट्याचे ठिपके वेगळे. आधार कार्ड अंगावरच!

आता प्लॅनिंगची टीप. बिबट्या रात्रीचा राजा. दिवसाच्या ट्रेलला तो दिसेलच असं धरून जाऊ नका. पायवाटेच्या मऊ मातीत त्याचा ठसा मात्र सापडू शकतो. चार गोल बोटं, मागे तळव्याची गादी, आणि नखांच्या खुणा नाहीत. नखं उमटली असतील तर तो बहुतेक कुत्रा. मांजरकुळातले चालताना नखं आत ओढून घेतात.

मिनी मार्जार, मॅक्सी रुबाब

सगळे ‘मोठी मांजर, मोठी मांजर’ करत फिरतात. छोटीचं काय? माहीत आहे का, जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक बोरिवलीच्या जंगलात राहते? तिचं नाव वाघाटी. अंगावर तांबूस ठिपके, डोळे टपोरे आणि पूर्ण वाढलेली वाघाटी भरते जेमतेम दीड किलो कांद्यांइतकी. कॅमेरा ट्रॅपमध्ये ती आली तेव्हा अभ्यासक वाघ दिसल्यासारखे खूश झाले होते!

वाघोबाचं देऊळ पाहिलंत?

पालघर-ठाणे-मुंबईच्या वारली पाड्यांवर वाघ-बिबट्याला देव मानतात. देवाचं नाव वाघोबा. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या पट्ट्यात वाघोबाची 150 हून अधिक देवस्थानं नोंदवली गेली. लाकडावर किंवा दगडावर कोरलेला वाघ, शेंदूर, बाजूला चंद्र-सूर्य. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस होते आणि वाघोबाला नैवेद्य जातो. मागणं एकच, आम्हाला आणि आमच्या गुराढोरांना सांभाळ. जंगलात असं ठाणं दिसलं तर पायातलं काढा, हात जोडा, फोटोआधी पाड्यावरच्या माणसांना विचारा. या जंगलाशी जुळवून घेऊन पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली माणसं ती आहेत. वाटाड्या निवडायचा तर त्यांच्यातलाच निवडा.

सोपारा टू बोरिवली, पहिल्या बॅचचे प्रवासी

नालासोपारावाल्यांनो, कॉलर ताठ करा! उद्यानाच्या पोटात कान्हेरीची 100 हून अधिक लेणी आहेत, काळ्या बेसॉल्टमध्ये कोरलेली. तिथल्या प्राचीन शिलालेखांमध्ये दान देणाऱ्यांची गावं आहेत. कल्याण आहे, नाशिक आहे आणि आपलं सोपाराही आहे! म्हणजे लोकल नव्हती, फास्ट ट्रॅक नव्हता, तेव्हाही आपल्याकडची माणसं या जंगलात जात होती. लेण्यांच्या पायऱ्यांजवळ बसाल तेव्हा पाण्याची टाकी बघा. डोंगरावरचं पावसाचं पाणी चरांमधून टाक्यांत साठवायची ती व्यवस्था आजही दिसते.

आठ पायांचा शूर

माहीत आहे का, 26/11 च्या हल्ल्यात कसाबला जिवंत पकडताना शहीद झालेले तुकाराम ओंबळे यांच्या नावाचा एक कोळी आहे? ठाण्यात सापडलेल्या एका उडी मारणाऱ्या कोळ्याला 2021 मध्ये संशोधकांनी ‘आयसियस तुकारामी’ असं शास्त्रीय नाव दिलं. पुढच्या ट्रिपला पानावर टुणटुण उड्या मारणारा कोळी दिसला, तर झटकू नका. क्षणभर थांबा. एक कडक सॅल्यूट होऊन जाऊ दे!

113 वर्षं गायब!

रहस्यकथा हवीय? घ्या! रानपिंगळा. एक छोटंसं घुबड. 1884 नंतर त्याचा खरा नमुना कुणालाच मिळाला नाही. एका ब्रिटिश गृहस्थाने 1914 मध्ये गुजरातेत मिळाल्याचा दावा केला, पण तो नमुना संग्रहालयातून चोरलेला जुनाच निघाला! नामशेष समजलेला हा रानपिंगळा 1997 मध्ये सातपुड्याच्या पायथ्याला, शहाद्याजवळ पुन्हा सापडला. आणि 2014 मध्ये? आपल्या शेजारच्या तानसाच्या जंगलात! ट्विस्टवर ट्विस्ट. गंमत म्हणजे हा दिवसाही हिंडतो. उन्हात फांदीवर बसलेलं गुबगुबीत घुबड दिसलं तर दुर्बीण लगेच वर!

पटापट क्विझ, पापलेटसकट

लोकल येईपर्यंत एवढं पाठ करा. राज्यप्राणी? शेकरू. राज्यपक्षी? हरियाल. राज्यफूल? ताम्हण. राज्यफुलपाखरू? राणी पाकोळी, आणि 2015 मध्ये स्वतःचं फुलपाखरू जाहीर करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. राज्य कांदळवृक्ष? पांढरी चिप्पी. राज्यमासा? अर्नाळा, वसई, पाचूबंदर, सगळ्यांनी एका सुरात म्हणा... पापलेट! यातले हरियाल, ताम्हण आणि राणी पाकोळी तुंगारेश्वर-बोरिवलीच्या जंगलात शोधायला लागा. मुलांसाठी यापेक्षा भारी बिंगो नाही.

आता मोठा पडदा, ताडोबा

झाली रंगीत तालीम? आता मेन शो! चंद्रपूर जिल्ह्यातलं ताडोबा 1955 पासूनचं, महाराष्ट्रातलं सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान. आज ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचा कोअर, म्हणजे गाभा, साधारण 625 चौरस किलोमीटर. बोरिवलीची सहा उद्यानं त्यात मावतील! भोवतीचा पट्टा, म्हणजे बफर, धरला तर एकूण 1,700 चौरस किलोमीटरच्या पुढे. म्हणूनच एका सफारीत ‘ताडोबा झालं’ असं म्हणू नका. किमान तीन सफारी, दोन वेगवेगळ्या वेळांना, असं गणित ठेवा. एक पहाटेची, एक दुपारची आणि एक नशिबाची!

ताडोबा हे नाव कुणाचं?

माहीत आहे का, ताडोबा हा देव आहे? गोंडांच्या दंतकथेत तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी लढताना मरण पावला. लोकांनी त्याला देव केलं. तळ्याकाठी त्याचं ठाणं आहे आणि पौषात आदिवासी तिथे जत्रेला येतात. जंगलातल्या रस्त्याच्या कडेला दगडी खांबही दिसतील, गोंड राजवटीच्या काळातले. गाईडला विचारा. वाघ दिसेपर्यंतच्या वेळात ऐकायला याहून चांगली गोष्ट नाही.

वार चुकला की वारी चुकली

महत्त्वाचं, अधोरेखित करा! ताडोबाचा कोअर मंगळवारी बंद. बोरिवलीचं उद्यान सोमवारी बंद. ताडोबाचा कोअर 1 जुलै ते 30 सप्टेंबर पावसाळ्यासाठी बंद. त्या काळात बफरमधली काही गेटं सुरू असतात, रस्त्यांच्या परिस्थितीनुसार. म्हणजे मंगळवारचा उपवास आणि कोअरची सफारी एकत्र जमत नाही!

ऊन की हिरवळ? आपलं आपण ठरवा

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 45 च्या पार जातो. जीव नकोसा होतो, पण पानगळ झालेली असते, पाणी मोजक्याच पाणवठ्यांवर उरतं आणि सगळे प्राणी तिथेच येतात. म्हणून उन्हाळ्यात वाघ दिसायची शक्यता जास्त. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जंगल हिरवंगार, हवा सुखद, पक्षी भरपूर, पण वाघ गवतात गडप. घरात लहान मुलं किंवा आजी-आजोबा असतील तर थंडी निवडा. वाघाचाच ध्यास असेल तर उन्हाळा, ओला पंचा आणि इलेक्ट्रॉल!

पौर्णिमेची पार्टी, मचाणावर

माहीत आहे का, बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखातं सामान्य माणसांनाही मचाणावर बसायची संधी देतं? राज्यातल्या अनेक अभयारण्यांत पाणवठ्याकाठी रात्रभर बसून कोण कोण पाणी प्यायला आलं ते टिपायचं. चांदणं स्वच्छ असतं, उन्हाळा टोकाला असतो, त्यामुळे पाण्यावर रांग लागते. फोन बंद, गप्पा बंद, कान चालू. जागा मोजक्या असतात, म्हणून एप्रिलपासूनच चौकशी सुरू करा.

गेट म्हणजे गाव

वसईहून नागपूर गाठायला सोपा मार्ग म्हणजे दादर किंवा कल्याणहून रात्रीची गाडी. सेवाग्राम एक्सप्रेस हे जुनं, भरवशाचं नाव. नागपूरहून पुढे रस्त्याने काही तासांचा प्रवास. पण खरी गोम पुढे आहे. ताडोबाला एक गेट नाही, अनेक आहेत. मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, पांगडी, झरी. मोहर्ली चंद्रपूरच्या बाजूला, कोलारा चिमूरच्या बाजूला. एका गेटची सफारी आणि दुसऱ्या गेटपाशी हॉटेल असं झालं, तर काळोखात मोठा फेरा मारावा लागेल. आधी गेट बुक करा, मग खोली. क्रम उलटा झाला की ट्रिप उलटी!

बुकिंग ऑनलाइन होतं. एका जिप्सीत सहा पर्यटक, सोबत ड्रायव्हर आणि गाईड. बुकिंगला जे ओळखपत्र दिलं, तेच मूळ ओळखपत्र गेटवर लागतं. झेरॉक्स घेऊन गेलात तर जिप्सी तुमच्याशिवाय आत जाईल.

कान द्या, कॉल येतोय

जंगलात वाघ आधी ऐकू येतो, नंतर दिसतो. स्वतः वाघ नाही हां, त्याचे चुगलीखोर! वानर झाडावरून खॅकरतं. चितळ ‘कुक’ असा तीक्ष्ण आवाज काढतं. आणि सांबराने ‘पोंक!’ केलं की गाईड ताडकन उभा राहतो. चितळ कधी कधी उगाच घाबरतं, सांबराच्या शब्दावर मात्र सगळं जंगल विश्वास ठेवतं.

त्या क्षणी जिप्सीत काय होतं बघा. ड्रायव्हर इंजिन बंद करतो. गाईड एक बोट वर करतो. मागच्या सीटवरचा वेफर्सचा पुडा अर्ध्यात थांबतो. सगळ्यांच्या माना एकाच बांबूच्या बेटाकडे. पुन्हा ‘पोंक!’ आता जरा डावीकडून. वाघ चालतोय, आणि त्याचा माग आवाजावरून काढता येतोय. हा थरार अनुभवलात, तर पुढे वाघ आला काय नि नाही काय, पैसे वसूल!

नारिंगी? कुठाय नारिंगी?

एवढा भडक रंग घेऊन वाघ शिकार कसा करतो? उत्तर भन्नाट आहे. हरणांना लाल आणि हिरव्या रंगातला फरक कळत नाही! आपल्याला जो नारिंगी दिसतो, तो त्यांना हिरवट दिसतो. म्हणजे हरणाच्या दुनियेत वाघ चक्क हिरवा. वरून काळे पट्टे, गवताच्या सावलीत मिसळून जाणारे. तुमचा पांढराशुभ्र शर्ट मात्र सगळ्यांनाच चमकताना दिसतो. खाकी, मातकट, शेवाळी, एवढीच फॅशन चालेल.

परफ्युमचा प्रताप

आणि हो, सेंट घरी ठेवा! माहीत आहे का, 2018 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या ‘अवनी’ वाघिणीचा शोध सुरू होता, तेव्हा वनखात्याने चक्क ‘ऑब्सेशन फॉर मेन’ हा परफ्युम आणला होता? त्यात जवादी मांजराच्या कस्तुरीसारखा एक घटक असतो आणि मार्जारकुळातले प्राणी त्या वासाकडे ओढले जातात. तुमच्याकडे वाघ ओढला जाणार नाही, पण जंगलाचा वास मात्र तुम्हाला येणार नाही. मोहाचा, ओल्या मातीचा, वाघाच्या मूत्रखुणेचा. गाईडला तोही वास ओळखता येतो!

दात नाहीत, ताकद आहे

वाघाच्या नादात अस्वल चुकवू नका. अस्वलाला वरचे मधले दोन दात नसतात, आणि तीच त्याची युक्ती! वारूळ फोडायचं, नाकपुड्या मिटायच्या आणि त्या फटीतून वाळवी सुर्रकन ओढायची. आवाज लांबवर जातो. आणि रानकुत्री? शिट्टी वाजवतात! कळप पांगला की शिट्टीनेच एकमेकांना बोलावतात. जंगलात शिट्टी ऐकू आली तर टपोरी पोरं समजू नका.

3,000 किलोमीटरचा मॉर्निंग वॉक

आजोबांचा विक्रम लक्षात आहे? आता वाघाची पाळी. यवतमाळच्या टिपेश्वरमधून 2019 मध्ये एक तरुण वाघ निघाला आणि महाराष्ट्र-तेलंगणा फिरत फिरत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. कॉलरने नोंदवलेलं त्याचं एकूण अंतर 3,000 किलोमीटरहून अधिक! लोकांनी नाव ठेवलं ‘वॉकर’. शेतं, नाले, रस्ते, सगळं ओलांडून. का? जागा आणि जोडीदार शोधायला. म्हणून दोन जंगलांमधला झाडांचा पट्टा वाचवणं हे जंगल वाचवण्याइतकंच मोलाचं. वसईत आपल्या दाराशी बोरिवली-नागला-तुंगारेश्वरची वाट तसलीच आहे, आणि तिला घोडबंदर रोड, खाडी, वसई-दिवा रेल्वे आणि चिंचोटी-भिवंडी रस्ता असे चार चार अडथळे आहेत.

190, 312, 444!

हा लॉटरीचा नंबर नाही. महाराष्ट्रातल्या वाघांचा हिशोब आहे. 2014 ला 190, 2018 ला 312 आणि 2022 ला 444. आठ वर्षांत दुपटीहून जास्त! वनरक्षकांच्या पायपिटीला आणि वाघाशेजारी राहणाऱ्या गावांच्या सोसण्याला जोरदार टाळ्या. गेटजवळच्या गावात चहा प्या, तिथलीच टोपी विकत घ्या, तिथल्याच घरगुती निवासात राहा. वाघ पाहायला दिलेले पैसे वाघाच्या शेजाऱ्यांना मिळायलाच हवेत.

वाट अडवू नका

31 डिसेंबर 2024. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य. ‘एफ-2’ वाघीण आपल्या पाच बछड्यांसह रस्त्यावर होती आणि दोन्ही बाजूंनी जिप्सींनी तिची वाट अडवली. व्हिडिओ पसरला, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, ड्रायव्हर-गाईडवर कारवाई झाली. पण जवळ घ्या म्हणून आग्रह कोण करतं? आपणच, पर्यटक. म्हणून जिप्सीत बसतानाच गाईडला सांगून टाका, ‘दादा, लांबून दिसला तरी चालेल.’ हे एक वाक्य त्याच्या खांद्यावरचं मोठं ओझं उतरवतं.

मोबाइल? ताडोबात सफारीला तो चालत नाही. कॅमेरा न्या, दुर्बीण न्या, नाहीतर नुसते डोळे न्या.

खाऊचा डबा, वसई स्टाइल

पहाटेच्या सफारीला पोटात काहीतरी हवं. उत्तर घरातच आहे, वसईची सुकेळी! उन्हात वाळवलेली राजेळी केळी, गोड, पोटभरीची आणि प्रवासात न खराब होणारी. गेटबाहेर खा, जंगलात नको, आणि वानरांना तर अजिबात नको. माणसाच्या हातचं खायची सवय लागलेलं वानर पुढे माणसावरच धावून येतं. आणि पावसाळ्यात चिंचोटी-तुंगारेश्वरच्या धबधब्यांवर प्रशासनाची बंदी असेल तर ती पाळा. ते पाणी क्षणात वाढतं.

कॅलेंडर उघडा!

शेवटचं आणि सगळ्यात कामाचं. माहीत आहे का, महाराष्ट्रात दरवर्षी 5 ते 12 नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो? 5 नोव्हेंबर हा अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि 12 नोव्हेंबर डॉ. सलीम अली यांचा. दोन थोर निसर्गवेड्यांच्या मधला हा आठवडा! पाऊस संपलेला, ताडोबाचा कोअर उघडलेला, हिवाळी पाहुणे यायला लागलेले.

मग प्लॅन असा करा. येत्या रविवारी पहाटे तुंगारेश्वर, फक्त कान उघडे ठेवून. महिन्याभराने ओहोटी बघून नागला. मग कान्हेरी, सोमवार सोडून. तोवर हरियाल ओळखता येईल, ठशातली नखं तपासायची सवय लागेल, गप्प बसायला जमेल. आणि मग ताडोबाचं बुकिंग, मंगळवार सोडून. एवढी तयारी करून जाणाऱ्याला जंगल कधीच रिकामं दिसत नाही, वाघ आला तर तो बोनस. ग्रुपवर मेसेज टाका, ‘रविवारी सहा वाजता, वसई फाटा. कोण कोण येतंय?’